चेंडू सुटल्यावर

"तुम्हाला हे खरं वाटणार नाही, नारायणराव, आधीच सांगून ठेवतो," मी म्हणालो. "अख्ख्या उस्मानाबादेत कुणाला वाटलेलं नाही, आणि ज्या एकदोघांना वाटलं त्यांनी माझ्या तोंडावर कधी कबूल केलेलं नाही. माझ्या नातीनं टाकलेला चेंडू कुणाला दिसायचाच नाही. नुसता ऐकू यायचा. आधी पलीकडच्या पोरीच्या हातमोज्यात धप्प, आणि मग मागाहून आमच्या द्वारकीचा हात खाली येताना दिसायचा." नारायणराव हसले. ते हसले तेव्हा मला बरं वाटलं, कारण हसणारा माणूस थोडा वेळ तरी विचारायचं विसरतो. ते माझ्याकडून एक शब्द न्यायला आले होते. मुलींच्या शाळेच्या मंडळातले ते जुने सभासद, टोपी मांडीवर ठेवून बसणारे, आणि खुर्चीत टेकता टेकताच त्यांनी सांगून टाकलं होतं, "मास्तर, पोरींचा सॉफ्टबॉल परत सुरू करायचं चाललंय. शामलाबाईंना तुळजापूरच्या शाळेतनं इकडं बोलवावं म्हणतात. पण मंडळी अडून बसलीत. ज्याच्या घरची पोर जायबंदी झाली त्यानंच म्हणायला पाहिजे, की बाईंची चूक नव्हती. तुम्ही व्हय म्हणलात की झालं. न्हाय म्हणलात तर विषय बंद." मी सुपारी कातरत होतो. अडकित्त्यात सुपारी धरली होती ती तशीच राहिली. ना फुटली, ना सुटली. आतल्या खोलीत द्वारकी चहा करत होती; स्टोव्हचा आवाज चालू होता, तो मध्येच बंद झाला. चहा उकळला असेल म्हणून बंद झाला असेल. की ऐकायला बंद केला असेल.

परवा भाकरी थापता थापता द्वारकी मला म्हणाली होती, "आबा, बाई परत येनार म्हनं. तुमाला इचारायला येतील. व्हय म्हना. तेवढंच म्हना, लई बोलू नगा." लई बोलू नगा! मला! ही माझ्या कोंडाची, माझ्या एकुलत्या एका लेकीची पोर. शिकायला म्हणून माकणीहून माझ्याकडं ठेवलेली. आता सोळा सरलं असेल तिला. भाकरी परातीत फिरवताना ती डावी बाजू भिंतीकडं करून बसते. ताटावर बसतानाही तशीच बसते. डाव्या डोळ्याला तिला आता नुसता उजेड कळतो, माणूस कळत नाही. मी डावीकडून आलो तर दचकते. म्हणून मी डावीकडून येतच नाही, लांबून वळसा घेऊन उजव्या अंगाला येतो, आणि एवढ्याशा घरात तो वळसा कुणाच्या ध्यानात येणार नाही असं मला वाटत असतं. बाई आल्या तर त्या तिला लहान पोरींना शिकवायला हाताशी घेणार होत्या, तसा निरोपही त्यांनी धाडला होता म्हणे. नाही आल्या तर दिवाळीनंतर पोर माकणीला. तिथं कोंडानं लोहाऱ्याचा एक बिजवर बघून ठेवलाय. माणूस चांगला आहे, डोळ्याचं चालवून घेतो म्हणाला. चालवून घेतो. कोंडानं हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता, आणि राग नव्हता म्हणून मला ते अजून ऐकू येतं. एका शब्दाचं काम होतं. पण एका शब्दात मी आयुष्यात कधी काही सांगितलेलं नाही, आणि शब्द तसा साधा नव्हता. बाईंची चूक नव्हती असं मी म्हणालो, की समोरचा माणूस टोपी घालून घरी जात नाही. तो विचारतो, मग कुणाची?

"सुरुवातीपासून सांगतो," मी म्हणालो. नारायणरावांनी घड्याळाकडं पाहिलं आणि मांडी घातली.

सुरुवात तरी कुठली धरायची. मी ड्रिलमास्तर. निजामाच्या अमदानीत शिट्टी माझी होती. मी 'होशियार' म्हणालो की मैदानभर पोरं ताठ, 'आसान बाश' म्हणालो की सैल. राज्य गेलं, हैदराबादचा मुलूख हिंदुस्थानात आला, चांगलंच झालं, मीही रस्त्यात पेढे वाटले. पण माझे शब्द तेवढे आठवड्याभरात भंगारात गेले. आता म्हणे 'सावधान', 'विश्राम'. जीभ वळेना. पुढं एका झेंडावंदनाला कलेक्टरसाहेब आले होते, आणि भरल्या मैदानात माझ्या तोंडून 'होशियार' गेलं. पोरं ताठ झाली नाहीत. हसली. पहिली ओळ हसली, मग दुसरी, आणि ते हसू ओळीओळीनं मागं जाऊन भिंतीवर आपटून पुन्हा माझ्याकडं आलं. मी शिट्टी तोंडात धरून तसाच उभा. दुसऱ्या दिवशी बाजारात मी सांगितलं, अहो, 'होशियार' ऐकल्याबरोबर खुद्द कलेक्टरनंच बुटाला बूट लावला, म्हणून पोरं हसली! लोकांना ते फार आवडलं. मला परत परत सांगायला लावलं. आठवड्यानं मला स्वतःलाही त्या बुटांचा आवाज आठवायला लागला. तेव्हापासून मी असाच जगत आलो आहे. कुणी काही विचारायच्या आत गोष्ट पुढं सोडायची. नोकरी संपली, शिट्टी शाळेत जमा केली, आणि मुलींच्या शाळेकडं गेलेल्या माझ्या जुन्याच मैदानाला लागून ही दोन खोल्यांची जागा भाड्यानं घेतली. का घेतली ते माझ्या बायकोला, धुरपदाबाईला विचारा. ती सांगते, "ह्यांना शिट्टी ऐकल्याबिगर झोप येत न्हाय."

मग एका जूनमध्ये त्या मैदानावर दुसऱ्याच कुणाची शिट्टी वाजली. शामलाबाई. सोलापूरकडच्या. पायात कॅनव्हासचे बूट, पदर कमरेला खोचलेला, खांद्यावर बॅटी भरलेला किरमिजी पिशवा. असला खेळ आमच्या जिल्ह्यानं पाहिलेला नव्हता. चेंडू बेलफळाएवढा, टाकायचा खालून, हात खांद्यातून पुरता गोल फिरवून, आणि समोरच्या पोरीनं तो हाणून तीन ठिकाणी, त्यांना बेस म्हणायचं, पळत फिरून घरी, म्हणजे निघाली त्याच जागी, यायचं. टाकणारीला पिचर म्हणायचं, तिच्यासमोर, बॅटवालीच्या मागं बसून चेंडू घेणारीला कॅचर. मी लिंबाखाली बसून बघायचो. बाईंनी एकदा माझ्याकडं बघून नमस्कार केला, "या ना मास्तर, तुमचंच मैदान आहे." तुमचंच मैदान. ज्याचं असतं त्याला कुणी असं सांगतं का?

"आणि नारायणराव, तिथं एक दिवस चेंडू गडगडत लिंबापाशी आला. आमची द्वारकी माझा चहा घेऊन आली होती. तिनं कपबशी खाली ठेवली, चेंडू उचलला आणि हात असा फिरवून टाकला. तो कुठं गेला असेल? शाळेची घंटा! ठण्णकन वाजली! शिपायाला वाटलं मुख्याध्यापकांचा हुकूम, त्यानं शाळा सोडून दिली!" नारायणराव इतके हसले की त्यांची टोपी मांडीवरून पडली. खरं तर चेंडू घंटेला लागला नव्हता. बाईंच्या हातात गेला होता, अगदी छातीसमोर, आणि बाईंनी तो झेलून नुसतं विचारलं होतं, "हे कुठं शिकलीस गं?"

गोफणीवर. दुसरं कुठं शिकणार. माकणीला ज्वारी हुरड्यात आली की चार खांबांवर माळा बांधायचा, त्यावर उभं राहून पाखरं हाकायची. माझ्या वडिलांनी, दगडोबांनी, मला माळ्यावर चढवलं तेव्हा मी त्यांच्या कमरेएवढा होतो. वडील बोलायचे कमी. गोफण हातात दिली, धोंडा कसा बसवायचा ते दाखवलं, आणि एकच गोष्ट सांगितली: "सुटला की त्याच्यामागं नजर धाडायची न्हाय. तो गेला. म्होरला थवा बघ." थवा उठतो, आभाळात वळतो, आणि तुम्ही पहिल्या धोंड्याचं काय झालं ते बघत बसलात तर तो दुसऱ्या कोपऱ्यात उतरून कणसं रिकामी करतो. म्हणून ताठ उभं राहायचं. हात सैल सोडायचा, मान वर, डोळे शिवारावर. खाली कणसांचा समुद्र, वर तुम्ही. गोफणीतून सुटलेला धोंडा कधी परत येत नाही. त्या माळ्यावरची सगळ्यात मोठी मजा ती होती, हे मला फार उशिरा कळलं. तसं दुसरं काही मला पुढं सापडलंच नाही. मी ते कोंडाला दिलं, कोंडाच्या पोरीला दिलं. द्वारकी सुट्टीत माळ्यावर चढायची तेव्हा मी खालून बघायचो. धोंडा सोडून झाल्यावर ती अशी उभी राहायची, की सगळं शिवार तिला विचारून पिकलंय.

बाईंनी तिला पिचर केलं. आणि त्याच दिवशी तिला माळ्यावरून खाली ओढायला सुरुवात केली. पोरींना समोर बसवून त्या सांगत होत्या. मला लिंबाखाली शब्द न् शब्द ऐकू येत होता, बहुतेक ऐकू यावा म्हणूनच. "द्वारका, हातातून चेंडू सुटेपर्यंत तू पिचर. सुटला की ते संपलं. मग तू नऊ जणींतली एक, आणि त्या नऊ जणींत, कॅचर सोडली तर, बॅटच्या सगळ्यात जवळची. परत आलेला चेंडू बाकीच्यांना येताना दिसेल. तुला दिसायच्या आधी तो आलेला असेल. म्हणून दोन्ही पाय एका रेषेत, गुडघे सैल, हातमोजा छातीपुढं. समोरचीनं बॅट नुसती टेकवून चेंडू पायाशी पाडला, तर पुढं धावायचं तू. पहिल्या बेसची मुलगी जागा सोडून आली, तर तिची जागा राखायची तू. आणि प्रमोदिनीच्या हातून चेंडू निसटून मागं गेला, ती त्याच्यामागं धावली, तर घर मोकळं पडतं. मोकळं घर कुणी राखायचं?" प्रमोदिनी, ती कॅचर, कोर्टातल्या कारकुनाची चष्मेवाली पोर, म्हणाली, "जिनं टाकला तिनं." बाई म्हणाल्या, "शाबास."

मला ते झोंबलं. का झोंबलं ते सांगता येत नाही. एखादा माणूस पोरींशी बोलतो आणि आपल्याला उगाच वाटतं की हा आपल्याशीच बोलतोय. संध्याकाळी मी द्वारकीला म्हणालो, "टाकायचं पण आपण, आणि राखायचं पण आपणच? मग बाकीच्या आठ जणी काय हळदीकुंकवाला आल्यात?" ती हसली. "बाई म्हनत्यात, गुडघे वाकव." "गुडघे वाकवून हात पुढं करून कोण उभं राहतं ठाऊक आहे का? देवीच्या पायऱ्यांवर ज्यांना दोन पैसे पाहिजे असतात ते." ती हसायची थांबली. मग मी तिला गोष्ट सांगितली. मी माळ्यावरून सोडलेल्या धोंड्यानं ढोकीच्या आगगाडीचा दिवा कसा फुटला, आणि इंजिनवाला माकणीपर्यंत शोधत आला तेव्हा मी कसा मान वर करून म्हणालो, धोंडा गेला तो गेला, आम्ही मागं बघत नसतो! माकणी कुठं, ढोकीचा रूळ कुठं. धुरपदाबाई तांदूळ निवडत होती, खडा फेकत म्हणाली, "इंजिनवाला मराठी बोलत व्हता का वो? का त्याला पन तुमीच शिकविली?" पण द्वारकी धुरपदाबाईकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती, तेव्हाच्या तिच्या दोन्ही डोळ्यांनी. पोरांचं तसं बघणं फार वाईट. त्या बघण्यासाठी माणूस पुढची गोष्ट सांगतो.

पुढं पुढं ती दोन जणी झाली. मी लिंबाखाली नसलो की चेंडू सोडल्यावर खाली झुकायची, परत आलेले चेंडू टिपायची, पळत जाऊन मोकळं घर राखायची; हे मला प्रमोदिनीच्या बडबडीतून कळायचं. मी असलो की ताठ. चेंडू सुटला की मान वर आणि नजर समोरच्या सगळ्यांच्या डोक्यावरून पार पलीकडं, लिंबावर, जणू तिथून थवा उठणार आहे. एकदा बाई माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. "मास्तर, ती टाकते फार सुरेख. पण टाकून झालं की ती इथं नसतेच. कुठं जाते?" "पाखरं बघते," मी म्हणालो. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सरावाला तुम्ही नाही आलात काही दिवस, तर बरं होईल. राग मानू नका." मी कशाला राग मानतोय. माझं मैदान, माझा लिंब, माझी नात, आणि माझ्या गळ्यातून उतरलेली शिट्टी हिच्या गळ्यात. मी काही दिवस गेलो नाही. खिडकीतून बघायचो. खिडकी उघडी आहे हे द्वारकीला कळत होतं.

"मग लातूरच्या पोरींशी सामना," मी नारायणरावांना म्हणालो. चहा अजून आला नव्हता. स्टोव्ह बंद होऊन बराच वेळ झाला होता. "काय सांगू तुम्हाला. लातूरच्या पोरी म्हणजे दांडग्या, रोज म्हशीचं दूध पिणाऱ्या. पण आमच्या द्वारकीसमोर निम्म्या तर रडकुंडीला आलेल्या. दुपार कलली होती. द्वारकीची सावली अशी लांब पडली होती तिच्यापुढं, थेट समोरच्या पोरीच्या पायापर्यंत! द्वारकीनं हात गोल फिरवला, की सावलीचा हात त्या पोरीच्या पायावरून गरकन फिरायचा, आणि ती बिचारी बॅट उचलायच्या आधी पाय उचलायची! नाचत होती हो नुसती, तापल्या फरशीवर उभी केल्यासारखी!" नारायणरावांनी मांडीवर थाप मारली. "काय पण मास्तर तुम्ही! सावलीला घाबरली म्हणा की!" "सावलीला! देवीची शपथ!" मीही हसलो. हे मी आधी कधी सांगितलं नव्हतं. आत्ता, सांगता सांगता, ते मला दिसलं. आणि दिसलं ते खरंच होतं, म्हणजे सावली, पोर नाचली नसेल. पांढऱ्या फक्कीच्या रेघांवरून गेलेली ती लांब, काळी, पातळ सावली. तिचा हात फिरताना रहाटासारखा दिसायचा.

मी गेलो होतो. सराव निराळा, सामना निराळा. सामन्याला गावातल्या कुत्र्यांनाही कुणी अडवत नाही. लिंबाखाली नेहमीच्या जागी उभा राहिलो, बॅटवालीच्या मागं थोडा बाजूला, म्हणजे द्वारकीच्या बरोबर समोर. तिनं मला पाहिलं. आधी ती दरवेळी वाकत होती, बाईंनी शिकवलं तशी. मी आल्यावर एकदा वाकली, एकदा अर्धी वाकली. शेजारी एक लातूरचा पाहुणा होता, त्याला मी सांगत होतो, ही माझी नात, आता बघा, ही मागं बघत नसते. त्यानं माझ्याकडं तोंड वळवलं होतं, त्याला ऐकायचं होतं, आणि ऐकणारा माणूस मिळाला की मला काय होतं ते मला ठाऊक आहे. लातूरची एक बुटकी पोर बॅट घेऊन आली. द्वारकीचा हात फिरला. मी काहीतरी ओरडलो. काय ते आठवत नाही. धुरपदाबाई घरात होती, ती म्हणते ते घरात ऐकू आलं, "मान वर, द्वारके!" असं ती म्हणते, बायकांना भिंतीपलीकडून काहीही ऐकू येतं. मला आठवतात ते कावळे. लिंबावरून एकदम उडाले. द्वारकी त्यांच्याकडं बघत होती, ताठ, हात सैल सोडून, शिवाराच्या मालकिणीसारखी, आणि मला क्षणभर इतकं सुख झालं की तसं मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं. बॅटचा आवाज त्यानंतरचा. की आधीचा. आणि मग दुसरा आवाज, ओला, बारीक, जवळचा. नऊ जणींत सगळ्यात जवळची. प्रमोदिनी तोंडावरची जाळी फेकून धावली. बाई धावल्या. धावणाऱ्यांत मी नव्हतो, कारण तो पाहुणा मला विचारत होता, काय झालं, काय झालं हो?

तेच सोलापूरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात. मंडळातले दोघे आले होते. मास्तर, कसं झालं? तो प्रश्न माझ्याकडं इतक्या जवळून आला की हात वर करायला सवडच नव्हती. ऊन, मी म्हणालो. ऊन आलं पोरीच्या डोळ्यांत. एवढंच. बाकीचं त्यांनीच जुळवलं: उन्हाकडं तोंड करून कुणी उभं केलं, बाजू कुणी ठरवली, बाईमाणसाला एवढं कळू नये का. बघणाऱ्यांत बऱ्याचशा पोरीच होत्या, आणि पोरींना कुणी विचारत नाही. शामलाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मैदानावर मी होते. जबाबदारी माझी." उन्हाचं नाव घेतलं नाही, माझं घेतलं नाही. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर मला त्यांच्यावर सुखानं रागावता आलं असतं. तेवढंही त्या बाईनं मला दिलं नाही. मंडळानं खेळ बंद केला आणि बाईंना जायला सांगितलं. गाव सोडायच्या आधी त्या घरी आल्या, द्वारकीचा हातमोजा धुरपदाबाईकडं दिला, मला नमस्कार केला. तो हातमोजा पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली आहे.

द्वारकी तेव्हा दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडली होती. मग माकणीला राहिली, वर्षभराहून जास्त. ह्या उन्हाळ्यात परत आली तेव्हा तिनं एकदाच विचारलं, "आबा, बाई का गेल्या?" मी म्हणालो, बदली. ती बरं म्हणाली. पण दुपारी मी पडलो की घराच्या मागच्या भिंतीवर काहीतरी आपटतं. धप्प. मग थोडी शांतता, आणि पुन्हा धप्प. मी धुरपदाबाईला म्हणालो, काय कुटतेस गं भर दुपारी? ती म्हणाली, "मी कुटत न्हाय." एकदा मागच्या दारानं गेलो. चिंध्यांचा चेंडू करून पोर भिंतीवर मारत होती. मारून झालं की दोन्ही पाय एका रेषेत, गुडघे सैल, हात छातीपुढं. चेंडू परत यायचा, डावीकडून आला की तिला दिसत नव्हता, खांद्याला लागून पडायचा. ती उचलायची आणि पुन्हा मारायची. बघितल्याचं कळू न देता मी परत येऊन पडलो. तेव्हापासून दुपारी मला झोप नाही. एका आवाजानंतर दुसऱ्याची वाट बघत पडून राहतो, आणि तो आपल्याच दिशेनं येतोय असं वाटत राहतं.

"मग?" नारायणराव म्हणाले. ते आता हसत नव्हते. "मग ते कसं झालं, मास्तर? बाईंची चूक होती का न्हवती, तेवढं सांगा म्हणजे उठतो मी."

पडद्याआड बांगडी वाजली. मला वाटलं, आता एकच शब्द. व्हय नाही, नाही नाही, न्हवती, एवढाच. ओठांपर्यंत आला होता. सोपा होता. पण त्याच्यामागं दुसरा प्रश्न उभा असलेला मला दिसत होता, बुटका, बॅट घेऊन, आणि नारायणराव चांगले माणूस आहेत, त्यांनी तो विचारलाच असता. मी सुपारीवर अडकित्ता दाबला. सुपारी फुटली.

"आता माणूस म्हणून बाई चांगल्या," मी म्हणालो. "त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण तुम्ही मंडळाचे, तुमच्याशी खोटं कसं बोलू. असं ऊन होतं, नारायणराव, असं ऊन, की आभाळात एक नाही दोन सूर्य असावेत! आणि बाईंनी पोरीला नेमकं त्याच्याकडं तोंड करून उभं केलेलं. पोरीला समोरचं काही म्हणजे काही दिसेना. चेंडू परत आला तो उन्हातूनच आला. ऊन डोळ्यांत नसतं तर माझ्या द्वारकीनं तो दोन बोटांत झेलला असता. मी स्वतः समोर उभा होतो, पाहिलंय."

नारायणरावांनी सुस्कारा टाकला, टोपी उचलून झटकली. "मग राहू दे म्हणायचं. पोरींच्या जिवाशी खेळ नको. मी सांगतो मंडळींना." ते उठायला लागले. मला हलकं वाटलं, माळ्यावर वाटायचं तसं; सुटला, गेला, आता पुढचं. मी मान वर करून दाराबाहेर बघू लागलो.

तेव्हा पडदा सरला. द्वारकी उंबऱ्यात उभी होती. चहा आणायला गेलेली पोर, पण हातात नुसतं रिकामं ताट, दोन्ही हातांनी छातीपुढं धरलेलं. पाय एका रेषेत. गुडघे किंचित वाकलेले. तिनं मान थोडी डावीकडं वळवली, उजवा डोळा माझ्यावर आणला, आणि नारायणराव ऐकतायत हे बघून, मोठ्यानं म्हणाली,

"आबा, सावली माज्याम्होरं पडली व्हती म्हनलाव न्हवं आत्ता? मंग ऊन माज्या डोळ्यांत कुठनं आलं?"